माझा जुना कुंचला

माझ्या रंगपेटीत लहानमोठे बरेच कुंचले आहेत. काही आकाशाचा पट एका दमात भरून काढणारे रुंद आहेत, तर काही गवताची पाती रेखण्याइतके बारीक आहेत. त्या सर्वांची मला गरज आहे. परंतु ज्या कुंचल्याची हकीकत मी सांगणार आहे, तो आता त्या पेटीत नाही. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चामड्याची एक पट्टी आहे, तीत तो अडकवलेला असे. ती जागा मी अद्याप रिकामीच ठेवली आहे.

दिसायला तो देखणा होता असे मुळीच नाही. त्याच्या दांड्यावरचा तांबडा रंग बोटांच्या घामाने केव्हाच उडून गेला होता व आतले लाकूड जुन्या उंबरठ्यासारखे गुळगुळीत झाले होते. दांड्याच्या शेवटी माझ्या दातांचे व्रण होते; कारण दोन्ही हात गुंतले म्हणजे मी तो तोंडात धरीत असे. केस जेथे बसवलेले असतात, ती पितळी नळी एकदा सैल झाली होती, तेव्हा तिच्याखाली मी दोऱ्याचे चार वेढे घट्ट आवळले होते. त्याच्यावरचा क्रमांक पुसून गेला होता. पण अंधारातही पेटीत हात घातला, तर तो नेमका हाताला लागे.

तो मला माझ्या चित्रकलेच्या गुरुजींनी दिला होता. इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा मी उत्तीर्ण झालो, तेव्हा निकाल सांगण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी पाठीवर थाप दिली नाही, की पेढा हातावर ठेवला नाही. कपाटातून कागदात गुंडाळलेला हा नवा कुंचला काढून त्यांनी माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "हा तुला चित्र काढून देणार नाही. पण तू काढू लागलास, तर आड येणार नाही." मग त्यांनी त्याची निगा कशी राखावी ते दाखवले. काम संपताच तो टर्पेंटाइनमध्ये खळबळावा, फडक्याने टिपावा, मग तळहातावर साबण घेऊन त्यावर हळुवार फिरवावा, आणि फेसात रंगाचा अंशही दिसेनासा झाला म्हणजे बोटांनी टोक जुळवून आडवा वाळत ठेवावा. टोक खाली करून पेल्यात उभा ठेवावयाचा नाही. तसे केले तर एका रात्रीत केस वाकतात व पुन्हा सरळ होत नाहीत. "जेवल्यावर हात धुतोस ना, तसेच हे," ते म्हणाले. पुढे ३१ वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही. तापाने फणफणत असतानाही मी कुंचला धुऊनच अंथरुणावर पडलो आहे.

माझे गाव मैंदर्गी. अक्कलकोटहून दुधनीकडे जाऊ लागले, की वाटेत ते लागते. कर्नाटकाची सीमा येथून दूर नाही. आमच्याकडे घरात कन्नड आणि शाळेत मराठी, असे कितीतरी मुलांचे असते. बाजारात तर एकाच वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. मातीच्या धाब्याची माळवदे, काळीभोर जमीन, बांधावर बोरी-बाभळी, आणि त्यावर दूरवर टेकलेले आकाश, एवढेच येथले दृश्य. डोंगर नाही, समुद्र नाही. पाहुणा चित्रकार आला तर म्हणेल, येथे चितारायचे काय? मलाही प्रथम तसेच वाटे. पण भल्या पहाटे शेतात जाऊन बसू लागलो आणि काळ्या मातीत किती रंग असतात ते हळूहळू दिसू लागले. नांगरलेली ओली माती जांभळट दिसते. तीच दुपारी राखेसारखी फिकी पडते. पौष महिन्यात शाळू निसवतो, करडई पिवळीधमक फुलते, आणि बांधाची सावली पाहावी तर ती चक्क निळी असते!

उघड्यावर चित्र काढणे म्हणजे सूर्याशी शर्यत लावणे होय. खोलीत बसणाऱ्याला दिवा हवा तेवढा वेळ पुरतो. शेतात बसणाऱ्याची सावली मात्र बघता बघता सरकते. तासाभरात उजेड बदलतो आणि समोरचे शेत जणू दुसरेच होते. त्यातच वारा सुटला, की धूळ उडून ओल्या रंगावर बसते. कधी एखादा किडा कॅन्व्हासवर चिकटतो, कधी कुणाची शेळी कुतूहलाने पॅलेट हुंगून जाते. अशा घाईत हातातल्या साधनाचा विचार करावयास सवडच नसते. ते बोटासारखे आपले आपण वळले पाहिजे. माझा कुंचला तसा वळत असे. आडवा धरला, तर त्याच्या पोटातून रंगाचा भरदार फटकारा निघे. उभा धरला, तर त्याच्या टोकातून बाभळीच्या काट्याएवढी बारीक रेघ उमटे. वर्षानुवर्षे एकाच हाताने, एकाच कलाने फिरल्यामुळे त्याचे केस एका बाजूस किंचित अधिक झिजले होते. दुसऱ्या कुणी तो घेतला, तर त्याची रेघ हमखास फाटे. माझ्या हाती मात्र तो निमूटपणे चाले.

त्याला घेऊन मी पुष्कळ हिंडलो. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसलो, पंढरपूरच्या वाळवंटात बसलो. कोल्हापूरला गेलो, तेव्हा प्रथम कोटीतीर्थ पाहिले. या तळ्याच्या काठी आबालाल रहिमान नावाचे थोर चित्रकार राहत असत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले हे कलावंत छत्रपती शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते. रंकाळ्यातील संध्यामठाचे त्यांनी रंगवलेले चित्र आजही रसिक आवर्जून पाहतात. रंग विकत घेण्यास पैसे नसत, तेव्हा ते स्वतःच रंग तयार करीत, असे सांगतात. १९३१ मध्ये ते वारले. त्या तळ्याकाठी बसून मी दोन तास पाणी रंगवले. चित्र काही साधले नाही. पण कुंचला धुताना मनात आले, की चांगल्या साधनांचा अभिमान धरणाऱ्या माझ्यासारख्याने या काठावर जरा नम्रच व्हावे.

नम्र झालो खरा. पण त्या कुंचल्याचा लोभ काही सुटला नाही. एकदा संध्याकाळी घरी आलो आणि पाहतो तो पेटीत कुंचला नाही! कंदील घेऊन तसाच उलटपावली शेतात गेलो. शाळूच्या ताटांतून वाकून वाकून तासभर शोधला. शेवटी तो विहिरीच्या थारोळ्यापाशी सापडला. मीच तेथे धुऊन वाळत ठेवला होता. तो हाती आल्यावर मला एवढा आनंद झाला, की मी एकटाच मोठ्याने हसलो. राखणीला बसलेले गृहस्थ म्हणाले, "काय हो, सोन्याचा आहे की काय?" मी म्हणालो, "सोन्याचा असता तर उद्या शोधला असता."

आता मुख्य गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या पौषात मी एकाच शेतात रोज सकाळी जात होतो. तेथील बांध मला रंगवायचा होता. त्या बांधावर एक मुंगूस येई. करड्या अंगाचे, लांब शेपटीचे ते जनावर बोरीच्या जाळीतून बाहेर पडे, दोन पायांवर उभे राहून माझ्याकडे पाही, आणि धोका नाही अशी खात्री पटली म्हणजे आपल्या उद्योगाला लागे. मुंगूस सापाशी झुंजते, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते शेतातील उंदीर, घुशीची पिले आणि किडेही खाते, म्हणून ते शेतकऱ्याचे मित्रच होय. आमच्याकडे त्याचे दर्शन शुभ मानतात. मुले त्याला तोंड दाखवण्याची गळ घालतात. कन्नडमध्ये त्याला मुंगुसी म्हणतात; म्हणजे हे जनावरही आमच्या गावासारखे दोन्ही भाषांत सारखेच वावरणारे!

शेतमालकांची नात रोज मला चहा आणून देई. ती तेव्हा सहावीत होती. चहा दिल्यावर ती लगेच परत जात नसे. माझ्या पाठीमागे उभी राहून चित्र पाही, नाही तर बांधावर बोरे वेचीत बसे. एके दिवशी ती बोरीच्या जाळीपाशी ओणवी झाली आणि चिमटीत काहीतरी जपून धरून माझ्याकडे आली.

"अज्जा," ती म्हणाली, "हे घ्या. तुमच्या ब्रशचे केस. तिथं काट्याला अडकले होते."

मी हसलो. "अगं, माझा कुंचला तर माझ्या हातात आहे. तो जाळीत कशाला जाईल?"

"पण तुमचेच आहेत," ती म्हणाली. "बघा ना. गडद, फिकट, पुन्हा गडद."

मी तिच्या चिमटीतले ते दोन-तीन केस तळहातावर घेतले व शेजारी माझ्या कुंचल्याचे टोक धरले. उन्हात दोन्ही स्पष्ट दिसले. एकाच केसावर आळीपाळीने गडद आणि फिकट पट्टे! इतकी वर्षे मी ते पट्टे पाहत आलो होतो. पण ती कुंचल्याची शोभा, एवढाच अर्थ मी त्यांचा लावला होता. मी काही बोललो नाही. मुलगी मात्र एकदा कुंचल्याकडे आणि एकदा जाळीकडे पाहू लागली. जाळीच्या बुडाशी मुंगसाचे बीळ होते.

"अज्जा," तिने हळूच विचारले, "केस काढले म्हणजे ते मरतं का?"

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, हा प्रश्न मला ३१ वर्षांत कधी पडलाच नव्हता.

त्या रात्री मी कुंचल्याचा एक सुटलेला केस काडीच्या ज्योतीवर धरला. कृत्रिम धागा ज्योतीवर वितळतो आणि त्याची लहानशी गोळी होते. हा केस चुरचुरला, जळक्या केसांचा उग्र वास आला आणि उरली ती चिमूटभर राख. तो प्राण्याचाच केस होता, यात शंका राहिली नाही. पुढच्या आठवड्यात मी सोलापुरास गेलो व प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांना कुंचला दाखवला. प्रत्येक प्राण्याच्या केसाची आतील व बाहेरील रचना निराळी असते व तीवरून केस कोणाचा ते ओळखता येते. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "मुंगूसच. मुलीची नजर चांगली आहे."

मग त्यांनी मला बरेच काही समजावून सांगितले. प्राण्यांच्या केसांचे कुंचले करण्याची रीत फार जुनी आहे. मोगल काळातील चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांनी पापणीचा एकेक केस रंगवीत. तैलरंगासाठी डुकराचे राठ केस वापरतात. जलरंगासाठी सायबेरियाकडील कोलिन्स्की नावाच्या लहानशा प्राण्याच्या शेपटीचे केस जगभर नावाजलेले आहेत. चांगला कुंचला बनवणारा केसांची टोके कधीच कापीत नाही. तो एकेक केस जुळवून, टोके वर आणि मुळे खाली अशी जुडी बांधतो. कारण टोकाचा निमुळतेपणा कात्रीने येत नाही, तो केसाला जन्मतःच असतो. मुंगसाचा केस चिवट व लवचीक. वाकला तरी पुन्हा सरळ होणारा. म्हणून चित्रकारांना तो आवडला, आणि त्या आवडीपायी मुंगसे मारली जाऊ लागली. मेंढीची लोकर कातरावी तसे मुंगसाचे केस कुणी कातरून घेत नाही. त्याला फासे लावून पकडतात आणि ठार करतात.

आपल्या देशात १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. या कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे. मुंगसाची शिकार करणे, त्याच्या केसांचा व्यापार करणे, त्यांचे कुंचले तयार करणे, विकणे, एवढेच नव्हे तर जवळ बाळगणे, हाही आज गुन्हा आहे. तरीही चोरटा व्यापार चालत राहिला, म्हणून २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने त्याविरुद्ध निरनिराळ्या राज्यांत एकाच वेळी छापे घालण्यात आले. हे सारे ऐकताना माझा हात खिशातल्या कुंचल्यावर होता. ज्या टोकदार रेघेला मी माझ्या हाताचा गुण समजत होतो, तिच्यातला मोठा वाटा कुणा मुक्या जीवाचा होता.

परत येताना एस. टी.त मला पंचतंत्रातील ती गोष्ट आठवली. तुम्हीही ती वाचली असेल. पाळण्यातील बाळाला वाचवण्यासाठी मुंगूस सापाला मारते आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने दाराशी सामोरे येते. घरची बाई काहीही न विचारता त्याला ठार करते. मग आत जाऊन पाहते तो बाळ सुखरूप! पंचतंत्राच्या ज्या भागात ही गोष्ट आहे, त्याचे नावच 'अपरीक्षितकारक', म्हणजे नीट पारख न करता केलेले कृत्य. लहानपणी त्या बाईचा मला फार राग येत असे. त्या संध्याकाळी तसा राग येईना. तिने क्षणभर विचारले नाही. मी तर ३१ वर्षे विचारले नव्हते.

घरी आलो आणि मनात वाद सुरू झाला. मन हे मोठे वकील असते. ज्याला जे हवे, त्याची बाजू ते फार उत्तम मांडते. मन म्हणाले, "ते मुंगूस तर केव्हाच मेले. कुंचला टाकून दिल्याने ते जिवंत होणार आहे काय? गुरुजींना कुठे हे माहीत होते? त्यांची आठवण म्हणून तरी तो असू दे. वापरू नकोस, नुसता पेटीत ठेव." हे बोलणे मला पटू लागले होते. मी कुंचला पुन्हा त्या चामड्याच्या पट्टीत अडकवलादेखील.

पण झोप येईना. मला माझे विद्यार्थी आठवले. सुट्टीत गावातील मुलांना मी चित्रकला शिकवीत असे. रेघ कशी यावी हे दाखवताना मी हाच कुंचला हाती घेई आणि अभिमानाने सांगे, "कुंचला असावा तर असा. पट्ट्यापट्ट्यांचे केस पाहून घ्या." दोघातिघांनी तसे कुंचले कोठूनतरी मिळवले होते व मला आणून दाखवले होते. मी त्यांना शाबासकी दिली होती! म्हणजे माझ्या कुंचल्यासाठी मेलेल्या मुंगसाबरोबर हा हिशेब संपत नव्हता. माझे कौतुक पुढे चालत गेले होते आणि त्याच्या मागोमाग आणखी कुठेतरी फासा लागला असेल. पेटीत नुसता ठेवलेला कुंचलाही पाहणाऱ्याला तेच सांगत राहिला असता. आणि गुरुजी? ज्यांनी मला काम झाल्यावर हात स्वच्छ धुण्यास शिकवले, त्यांना हे कळते तर त्यांनी काय केले असते, याविषयी माझ्या मनात फारशी शंका नव्हती.

सकाळी उठून मी अखेरचा तो कुंचला धुतला. तो स्वच्छच होता, तरी धुतला. तळहातावर साबण घेऊन फिरवला, फडक्याने टिपला, बोटांनी टोक जुळवले. मग स्वच्छ कागदात गुंडाळून सोलापूरच्या वन विभागाच्या कार्यालयात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी माझी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. आपण होऊन असा कुंचला आणून देणारा माणूस पाहून त्यांना थोडे नवल वाटले असावे. त्यांनी एक कागद पुढे ओढला आणि लिहिले : 'कुंचला, एक. मुंगसाच्या केसांचा. वापरलेला.' मी त्याखाली सही केली. 'वापरलेला' या एका शब्दापाशी माझी नजर मात्र थोडी रेंगाळली. रंकाळा, चंद्रभागा, सिद्धेश्वराचा तलाव, मैंदर्गीच्या ३१ पौषांतील करडईची फुले, हे सारे त्या एका शब्दात मावले होते. उठताना मी चुकून कागदाची ती गुंडाळी पुन्हा उचलली. अधिकारी काही बोलले नाहीत. मीच ती खाली ठेवली आणि बाहेर पडलो.

त्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना भेटलो. त्यांना शिकवताना मी जेवढ्या अभिमानाने बोललो होतो, तेवढ्याच स्पष्टपणे माझी चूक सांगितली. हे काम कुंचला देण्यापेक्षाही जड गेले. लहानांपुढे 'मी चुकलो' म्हणताना मोठ्यांची जीभ अडखळते खरी. परंतु मुलांनी मला हसून लाजवले नाही. एकाने तर लगेच विचारले, "मग आता कशानं रंगवायचं?"

प्रश्न योग्यच होता. आज कृत्रिम धाग्यांचे उत्तम कुंचले मिळतात. मी आता तेच वापरतो. डहाणू-जव्हारकडचे आपले वारली चित्रकार तर बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करतात व तांदळाच्या पिठात ते बुडवून भिंतीवर अशी चित्रे काढतात, की सारे जग ती पाहावयास येते. मी मुलांबरोबर बाभळीच्या काड्या चावून पाहिल्या. दातवणासारखा त्यांचा कुंचला होतो. त्याने बारीक रेघ येत नाही. पण शाळूची ताटे, बोरीची जाळी, जुन्या भिंतीचे पोपडे यांना तो फार शोभतो. इतकी वर्षे मी बाभळी रंगवीत आलो. बाभळीनेच बाभूळ रंगवण्याची युक्ती मात्र मला कधी सुचली नव्हती!

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या कुंचल्याची आठवण मला येते. घाईच्या वेळी माझा हात अजूनही आपोआप झाकणातील त्या रिकाम्या पट्टीकडे जातो. नव्या कुंचल्याला माझ्या हाताचा कल अजून समजलेला नाही, आणि मलाही त्याचा स्वभाव पुरता उमगलेला नाही. आम्ही दोघेही एकमेकांना शिकवीत आहो. वस्तूवर जीव जडावा, यात काही वाईट आहे असे मी मानीत नाही. जिची निगा राखली, जिच्याबरोबर ऊन-वारा सोसला, तिच्याविषयी माया वाटणारच. मात्र ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे एकदा तरी विचारले पाहिजे. मी ते विचारले नाही. सहावीतल्या एका मुलीने विचारले.

परवाच्या पौषात मी पुन्हा त्या शेतात जाऊन बसलो. करडई फुलली होती. तीच मुलगी चहा घेऊन आली. आता ती चांगली उंच झाली आहे. थोड्या वेळाने बोरीची जाळी हलली आणि करडे मुंगूस बाहेर आले. ते पूर्वीचेच, की त्याचे पिलू, कोण सांगणार? ते दोन पायांवर उभे राहिले, आम्हां दोघांकडे पाहिले आणि बांधावरून चालू लागले. मी घाईघाईने नव्या कुंचल्याने त्याची शेपटी कॅन्व्हासवर ओढली.

मुलगी मागून पाहत होती. ती म्हणाली, "अज्जा, शेपटी जाड झाली."

"झाली खरी," मी म्हणालो. तोवर मुंगूस जाळीत नाहीसे झाले होते. उद्या ते पुन्हा येईल, तेव्हा पुन्हा काढून पाहू, असे म्हणून मी टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि नवा कुंचला धुवावयास घेतला.